राखणारी वेणी, तोडणारी वेणी

१/ १९८१. अमेरिकन एअरलाइन्समध्ये अकरा वर्षे काम केलेल्या रेने रॉजर्स या कृष्णवर्णीय स्त्रीचा दावा न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात निकालास आला. टाळूलगत ओळींनी घातलेल्या वेण्यांना, म्हणजे ‘कॉर्नरोज’ना, कंपनीची मनाई होती. वेणी ही सहज बदलता येणारी गोष्ट आहे, या मुद्द्यावर न्यायालयाने तिचा मुख्य दावा फेटाळला. ही वेणी खरोखरच इतकी ‘सहज’ होती का? (धागा)

२/ आधी थोडे शरीरशास्त्र. घट्ट कुरळ्या केसाचा छेद लंबगोल असतो आणि त्याचे मूळही त्वचेत वाकलेले असते. टाळूवरचे नैसर्गिक तेल या वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे केस कोरडा राहतो आणि विंचरताना नेमका वळणावर तुटतो. वेणी घातली की अनेक आठवडे कंगव्याची गरज उरत नाही. ‘संरक्षक केशरचना’ म्हणतात ती हीच.

३/ ही युक्ती फार जुनी आहे. ईजिप्तमधील अमार्ना येथे सुमारे ३३०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका स्त्रीच्या कवटीवर जवळजवळ ७० जोडकेस थराथराने बसवलेले आढळले. मराठीत ज्याला गंगावन म्हणतात, त्याचेच हे प्राचीन भावंड. केस गळण्याची चिंताही तितकीच जुनी : इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या एबर्स पपायरसमध्ये टकलावर सिंह, पाणघोडा व मगर यांच्या चरबीचा लेप सांगितला आहे.

४/ पश्चिम आफ्रिकेत वेणी ही ओळख होती. योरुबा समाजात टाळूलगतच्या वेण्यांना ‘इरुन दिदी’ म्हणतात, तर दोऱ्याने केस गुंडाळण्याच्या पद्धतीला ‘इरुन किको’. दोरा केसाला ताणून सरळ ठेवतो आणि तुटण्यापासून वाचवतो. वेणी घालायला तासन्‌तास लागत, म्हणून ते काम नात्यागोत्यातल्या बायकांच्या मांडीशी बसून होई.

५/ गुलामांच्या व्यापाराने हा धागा तोडला. जहाजावर चढवण्यापूर्वी वा चढवल्यावर बंदिवानांची डोकी भादरली जात. पलीकडच्या मळ्यांत ना पूर्वीचे कंगवे होते, ना तेले, ना फुरसत. केस विंचरायला मिळे तो बहुधा रविवारी. उरलेले दिवस डोक्याला फडके बांधलेले असे. वेणी मात्र टिकली, आणि तिला शेतातलीच नावे मिळाली : अमेरिकेत मक्याच्या ओळी, कॅरिबियन बेटांवर उसाच्या ओळी.

६/ सत्तेला या केसांची दखल घ्यावी लागली. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालील लुइझियानाचा गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढले की, स्वतंत्र कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांनी केस ‘तिन्यों’ या रुमालाखाली झाकावेत. त्या स्त्रियांनी रुमाल बांधले खरे, पण इतके रंगीत व डौलदार की शिक्षेचाच दागिना झाला.

७/ गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पण हाल संपले नाहीत. घरात नळ नाही, आहार निकृष्ट, टाळूचे विकार सर्रास. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियानातील डेल्टा येथे जन्मलेली सारा ब्रीडलव्ह ही तिच्या कुटुंबात स्वतंत्र म्हणून जन्मलेली पहिली मुलगी. सातव्या वर्षी पोरकी, विसाव्या वर्षी विधवा. पुढे सेंट लुइसमध्ये तिने अनेक वर्षे लोकांचे कपडे धुतले. १८९० च्या दशकात तिचे केस पुंजक्यांनी गळू लागले.

८/ त्याच क्षेत्रात ॲनी टर्नबो (पुढे मलोन) ही उद्योजिका केसांचे औषध विकत होती. सारा आधी तिची विक्रेती झाली. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली, १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकरशी तिने लग्न केले आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने स्वतःचा व्यवसाय उभारला. तिच्या मलमात गंधक होते. डोके नियमित धुणे आणि टाळूची निगा हा तिच्या पद्धतीचा पाया होता.

९/ वॉकरची आठवण बहुधा ‘केस सरळ करणारी’ म्हणून निघते. तिच्या पद्धतीत तापवलेली फणी होती, हे खरे. पण आरंभ झाला तो टक्कल पडत चाललेल्या एका धोबिणीच्या लाजेतून. हजारो स्त्रियांना तिने विक्रेत्या म्हणून प्रशिक्षण दिले. धुणीभांडी सोडून स्वतःची कमाई करण्याची वाट या स्त्रियांना गळणाऱ्या केसांनीच दाखवली. २५ मे १९१९ रोजी वॉकर निवर्तली.

१०/ आता नाण्याची दुसरी बाजू. १९०७ मध्ये ट्रेबिट्श या ऑस्ट्रियन संशोधकाने ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या कपाळाकडच्या केसांची गळती नोंदवली. कारण होते डोक्यावर घट्ट ओढून बांधलेला बुचडा. सतत ताण पडला की केसाच्या मुळाशी दाह होतो. वेळीच सैल केले तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढले तर मुळाच्या जागी व्रण राहतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. यालाच ‘ट्रॅक्शन ॲलोपेशिया’ म्हणतात.

११/ म्हणजे जी वेणी केस राखते, तीच फार घट्ट झाली तर ते उपटते. दक्षिण आफ्रिकेत नोन्हलान्हला खुमालो व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांमध्ये या ताणाच्या खुणा आढळल्या. सर्वाधिक धोका होता तो रसायनाने सरळ केलेल्या केसांवर पुन्हा वेण्या वा जोडकेसांचा भार टाकण्यात.

१२/ प्रत्येक टकलाचा दोष वेणीच्या माथी मारणे मात्र चूक ठरेल. टाळूच्या मध्यापासून पसरणाऱ्या एका व्रणकारी गळतीला १९६८ मध्ये तापत्या फणीचे नाव दिले गेले. फणी कधीच न वापरलेल्या स्त्रियांतही ती दिसली, तेव्हा नाव बदलावे लागले. २०१९ मध्ये काही रुग्णांत ‘पीएडीआय३’ या जनुकातील बदल सापडले. चाई पडते ती तर शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसमुळांवर उलटल्यामुळे.

१३/ विरळ केसांच्या स्त्रियांसाठी वेणीकारणींनी आपली कला बदलली. मुळाशी गाठ न मारता जोडकेस हळूहळू मिसळणाऱ्या ‘नॉटलेस’ वेण्या आल्या. टक्कल पडलेला भाग मोकळा ठेवून भोवती सैल वेण्या घालायच्या, वर जाळी बसवायची आणि केस जाळीवर शिवायचे, अशीही रीत आहे. सूत्र एकच : भार कमी, पेड जाड, कपाळाकडची कोवळी लव मोकळी. वेणी घालताना दुखले, तर ती सोडून पुन्हा घालायची.

१४/ आता रॉजर्सच्या खटल्याकडे परत. कंपनीने तिला तडजोड सुचवली होती : कामाच्या वेळेत वेण्यांचा अंबाडा बांधावा आणि वर कृत्रिम केसांचा तुकडा गुंडाळावा. त्याने डोके भयंकर दुखते, असे तिने सांगितले. न्यायालयाने मोठा तुकडा वापरावा, असे सुचवले. ज्या ताणाची नोंद सत्तर वर्षांपूर्वीच झाली होती, तो निकालपत्रात गैरसोयीपुरताच उरला. न्यायालयाच्या लेखी वेणी म्हणजे आवड होती. केसांची गरज तिथे कुणी मोजलीच नाही.

१५/ बदल सावकाश आला. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियाने ‘क्राउन’ कायदा केला आणि वेण्या, जटा, पीळ यांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करणे बेकायदा ठरले. अमेरिकी लष्कराने २०१४ मध्ये पीळदार केशरचना नाकारून टीका ओढवून घेतली होती. २०२१ मध्ये त्याच लष्कराने नियम सैल केले. त्यामागचे एक कारण असे की, सक्तीच्या घट्ट अंबाड्याने स्त्री सैनिकांचे केस गळत होते.

१६/ आणि अखेरचे दृश्य. मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रेस सदस्या अयाना प्रेस्ली त्यांच्या सेनेगाली पिळांमुळे ओळखल्या जात. काळ्या मुली त्यांचे अनुकरण करत. २०१९ च्या शरद ऋतूत पीळ नव्याने घालताना टाळूवर चट्टे दिसले. १८ डिसेंबरला ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाचे मतदान होते. आदल्या रात्री उरलासुरला केस गेला. सकाळी टोप घालून त्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि मत देऊन बाहेर पडल्या.

१७/ जानेवारी २०२० मध्ये त्यांनी टोप उतरवून जगासमोर आपले डोके उघडे केले. मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने देशव्यापी क्राउन विधेयक संमत केले, तेव्हा त्याच्या पुरस्कर्त्यांत प्रेस्ली होत्या. ते विधेयक सिनेटमध्ये अडले. ज्या वेण्यांचा हक्क त्या मागत होत्या, त्या त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर आता उरल्या नव्हत्या.