लेखणीतून निघालेले प्रायश्चित्त

इंग्रजीतले ‘श्राइव्ह’ हे क्रियापद आता जुन्या नाटक-काव्यांपुरतेच उरले आहे. पाद्र्याने पापाची कबुली ऐकून क्षमा देणे, असा त्याचा अर्थ कोशात सापडतो. पण कबुलीवरचा हा भर नंतरचा. मुळात ते हुकमाचे क्रियापद होते, असे त्याचा इतिहास पाहता म्हणावे लागते. त्याचा उगम लॅटिन ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणे या शब्दात आहे. जर्मन आणि डच भाषांनीही तोच शब्द उचलला. तिथे आजही त्याचा अर्थ साधे लिहिणे असाच आहे. इंग्रजीत मात्र लिहिण्याचे काम ‘राइट’ या घरच्या शब्दाकडेच राहिले आणि पाहुण्याच्या वाट्याला आले नेमून देणे. पाद्री नेमून देई ते प्रायश्चित्त. कोणत्या पापाला काय नेमायचे, याच्या संहिताच असत; आयरिश मठांत त्या सहाव्या शतकापासून रचल्या जात होत्या. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर ६९० मध्ये वारला. त्याच्या नावावरच्या संहितेत धन्याच्या हुकमावरून माणूस मारणाऱ्याला चाळीस दिवस चर्चबाहेर राहण्याची शिक्षा आहे, तर नातलगाचा सूड उगवणाऱ्याला कित्येक वर्षांचे प्रायश्चित्त. इथे पाप्याच्या मनाची उलघाल दुय्यम. खरा मुद्दा दंड किती, हा.

यावर आक्षेप येईल की ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हेच क्रियापद दैवाच्या आणि ईश्वराच्या निवाड्यासाठी येते. तिथे ना पाद्री, ना कबुली. शिवाय उसना शब्द असूनही त्याचे भूतकाळी रूप ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह’च्या चालीवर ‘श्रोव्ह’ असे होते, म्हणजे तो इंग्रजीत फार पूर्वीच मुरला असावा. मग चर्चशी त्याचा संबंध मुळातला कसा? आक्षेप रास्त आहे, पण त्याने वरचे म्हणणे पक्केच होते. निवाडा देणे हाच अर्थ आधी असल्यामुळे चर्चला तो शब्द सोयीचा वाटला.

ऐकण्याला महत्त्व आले ते हळूहळू. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी कबुली द्यावी असा नियम केला. पुढे फ्रेंचमार्गे आलेल्या ‘कन्फेस’ने कबुलीची बाजू व्यापली. १५४८ मध्ये इंग्लंडच्या चर्चने खासगी कबुली ऐच्छिक ठरवली, आणि ज्या रिवाजावर हे क्रियापद जगत होते तोच ढासळला. (शब्द म्हातारे होऊन मरतात असे आपण सहज म्हणतो, बहुधा त्यांचे काम काढून घेतलेले असते.)

उरले ते अवशेष. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकात शिरच्छेदाआधी हेस्टिंग्जला कबुली झटपट उरकायला सांगतात. तिथला ‘शॉर्ट श्रिफ्ट’ (‘श्रिफ्ट’ हे ‘श्राइव्ह’चेच नाम) आज एखाद्याला जेमतेम दाद देऊन वाटेला लावणे या अर्थाने वापरला जातो. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाआधीचा मंगळवार अजून ‘श्रोव्ह ट्यूजडे’ म्हणवतो. गोव्यात त्याच दिवसांत इंत्रुज म्हणजे कार्निव्हल रंगतो, तर इंग्लंडमध्ये अंडी-लोणी संपवायला पॅनकेक होतात. तिथे बहुतेकांच्या तोंडी त्या दिवसाचे नावही आता ‘पॅनकेक डे’च आहे.