पिशवी काढण्याआधीचा इतिहास

अंग बाहेर येण्याची तक्रार घेऊन विदर्भातली बाई नागपूरच्या मेडिकलला, मेयोला किंवा डागा रुग्णालयात पोचते, तोवर ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला तिला बहुधा मिळालेला असतो. गर्भाशय राखून दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया मात्र नवी, बाहेरून आलेली गोष्ट समजली जाते. इतिहास वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर, मूल हवे असलेल्या तरुण बायकांसाठी मुंबईतच हा विचार झाला. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर मांडीतल्या चिवट आवरणाच्या पट्टीने गर्भाशयाचे मुख मागे त्रिकास्थीला बांधत. मुंबईच्याच डॉ. पुरंदऱ्यांनी पोटाच्या भिंतीतल्याच पट्ट्या पुढून जोडल्या. शिरोडकरांचा आधार नैसर्गिक दिशेने बसतो, पण मोठ्या रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी अगदी शेजारी असतात. पुरंदऱ्यांची रीत सोपी, मात्र पोटाचे स्नायू ढिले असले की आधारही ढिला पडतो. आज दुर्बिणीतून त्रिकास्थीला जाळी बांधतात ती शिरोडकरांच्याच तत्त्वावर. पेक्टोपेक्सीत जाळी दोन्ही बाजूंच्या जघनास्थीजवळच्या अस्थिबंधांना अडकवून ती धोक्याची जागा टाळतात. म्हणून या पद्धतींची तुलना छेद किती लहान यावर करणे मला चुकीचे वाटते. लहान छेदाने वेदना आणि रुग्णालयातला मुक्काम कमी होतो. आधार टिकतो तो कुठे बांधला आणि कशाने बांधला यावर.

यावर आक्षेप येतो की खेड्यातली बाई पुन्हा तपासणीला येणार नाही, तेव्हा पिशवी काढून कायमचा निकाल लावावा. पण मूळ दोष ढिल्या झालेल्या आधारात असतो. पिशवी गेली तरी योनीचा वरचा भाग पुन्हा उतरू शकतो. कर्करोगाची शंका किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव असेल, तर पिशवी काढणेच योग्य; एरवी भीतीपोटी काढण्याची किंमत 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणात महाराष्ट्राने पाहिली आहे. दुर्बीण नाही, ही सबबही पुरेशी नाही. इंग्लंडमधले डॉक्टर डोनाल्ड यांनी 1888 मध्ये सुरू केलेली मँचेस्टर शस्त्रक्रिया योनीमार्गेच होते, तिला जाळी लागत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत गर्भाशय राखून ते ओटीपोटातल्या अस्थिबंधाला बांधणारी नवी सॅक्रोस्पायनस पद्धत तिच्यापुढे उणी ठरली. मँचेस्टरमध्ये गर्भाशयमुखाचा भाग कापला जातो, त्यामुळे मूल हवे असलेल्या बाईला ती अडचणीची. शिरोडकरांनी तिच्यातही मुख न कापण्याची सुधारणा केली होती. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक बाईने आणि तिच्या घरच्यांनी डॉक्टरांना एवढे विचारावेच: दोष पिशवीत आहे की आधारात?