वेताळाचं मुंबईतलं कूळ

वेताळाची वंशावळ त्याच्या वाचकांना तोंडपाठ असते. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यातून वाचलेला तरुण किनाऱ्याला लागला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं अन्यायाशी लढायची शपथ घेतली, आणि बापानंतर मुलानं मुखवटा चढवायचा, हा रिवाज एकवीस पिढ्या चालला. ज्या कॉमिक्सनं हे सगळं आपल्याकडून घोटून घेतलं, त्या इंद्रजालचं कूळ मात्र कुणी फारसं सांगत नाही. ते मुंबईचं आहे.

‘टाइम्स ऑफ इंडिया’ चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. किंमत साठ पैसे. पहिल्या अंकाचा नायक अर्थातच वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम. फॉकनं त्याआधी १९३४ साली जादूगार मँड्रेक जन्माला घातला होता. फँटम अमेरिकी वृत्तपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ला आला. आपल्याकडे ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे वाचक त्याला चाळीसच्या दशकापासूनच ओळखत होते. पण ते इंग्रजी वाचणारं घर. इंद्रजालनं हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तामिळ अशा भाषांत आवृत्त्या काढल्या आणि वेताळ चाळीत, वाड्यात, तालुक्याच्या एसटी स्टँडवर पोचला. नावही असं मिळालं, की कोकण-गोव्यात ज्यांचा गावदेवच वेताळ, त्यांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

मूळ माल होता वृत्तपत्रातल्या चित्रपट्ट्यांचा. रोज तीन-चार चौकटी, आणि कालचा भाग चुकलेल्या वाचकासाठी थोडी उजळणी. ती पट्टी पुस्तकाच्या पानावर जशीच्या तशी बसत नाही. मग चौकटी कापायच्या, छाटायच्या, नव्यानं जुळवायच्या, काही सरळ गाळायच्या. रोजच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या असल्यानं रंगही भरायचे. पानं ठरलेली, गोष्ट त्यात मावलीच पाहिजे.

कात्री मजकुरालाही लागली. फॉकच्या सुरुवातीच्या गोष्टींतलं जंगल आशियाई, भारताच्या आसपासचं वाटावं असं होतं. ते पुढे आफ्रिकेत गेलं. त्या जंगलाचं नाव ‘बेंगाली’, आणि चाच्यांची टोळी ‘सिंग’ नावाची. भारतात हे छापणं अवघडच. इंद्रजालमध्ये बेंगालीचं डेंकाली झालं आणि सिंगचं सिंगा. आपली पिढी ‘डेंकालीचं जंगल’ म्हणते तेव्हा ती फॉकची नव्हे, मुंबईतल्या संपादकीय टेबलाची भाषा बोलत असते.

मुखपृष्ठं तर पुष्कळदा इथलीच. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेलं मुखपृष्ठ बघूनच अंक उचलला जाई. आतली रेखाटनं कितीही जुनी असोत, बाहेर रंगांचा उत्सव असे. १९७६ साली याच ब्राह्मणियांनी आबिद सुरतींच्या लेखणीतून उतरलेला इंद्रजालचा देशी नायक बहादूर चितारला. ‘धर्मयुग’ साप्ताहिकातल्या ‘ढब्बूजी’ या व्यंगचित्रपट्टीचे जनक ते हेच सुरती. बहादूर डाकूचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मेला त्यानंच त्याला वाढवलेलं. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स, आणि सूडाऐवजी गावकऱ्यांचं सुरक्षा दल उभारायचा ध्यास. वेताळाच्या घराशेजारी, कवटीच्या गुहेशेजारी, चंबळचं खोरं आलं. ‘टाइम्स’च्याच इमारतीत अनंत पै यांनी कॉमिक्सचे धडे गिरवले आणि १९६७ साली पुराणकथांची ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. म्हणजे वेताळाच्या घराण्याची एक शाखा थेट कृष्णापर्यंत गेली.

अंक विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचणारे कितीतरी जास्त. मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतलं वाचनालय ते भाड्यानं देई, भाडं वाचवायला तिथेच बाकावर बसून संपवायची सोय असे. शेवटी रद्दीवाला, आणि त्याच्याकडून पुन्हा कुणाच्या तरी कपाटात. पुढे दूरदर्शन घरोघर आलं, इंद्रजाल साप्ताहिक झालं, तरी १९९० साली, सुमारे आठशे अंक निघाल्यावर, ते बंद पडलं.

आज ते अंक उघडले तर सगळंच गोड लागत नाही. काळ्या माणसांच्या जंगलात न्याय करायला गोराच का लागावा, हा प्रश्न तेव्हा सुचला नव्हता. आता पानोपानी टोचतो. कथानकं साधी, खलनायक ठोकळ्यासारखे.

तरीही रद्दीच्या दुकानांत शोध चालूच आहे. फँटमच्या मूळ पट्ट्या आता अमेरिकेत जाड पुठ्ठ्याच्या ग्रंथांत, क्रमवार, न कापता मिळतात. जुन्या वाचकाला ते ग्रंथ दाखवा. तो आदरानं चाळतो आणि विचारतो, डेंकाली कुठाय? त्याला फॉकची अस्सल प्रत नकोच असते. त्याला मुंबईत कापलेली, रंगवलेली, नावं बदललेली प्रत हवी असते, कारण त्याचा वेताळ तिथेच जन्मला.