वऱ्हाडातील कुटुंबांची वारी : बहिरम, चिखलदरा आणि शेगाव

प्रवासाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः दोन प्रश्नांकडे जाते : लोक कोठे गेले, आणि कशासाठी गेले. तिसरा एक प्रश्न मात्र मागे पडतो : तेथे ते फिरून किती वेळा गेले? प्रवेशद्वारावर मोजणी होते ती माणसांची, कुटुंबांची नव्हे. शंभर कुटुंबे एकेकदा येऊन गेली काय किंवा एकच कुटुंब शंभर वेळा आले काय, वहीत आकडा सारखाच पडतो. वस्तुतः या दोन घटना सामाजिक दृष्ट्या अत्यंत भिन्न आहेत. पहिलीतून स्थळाची कीर्ती कळते, दुसरीतून त्या स्थळाशी जडलेले नाते कळते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कुटुंबे ज्या स्थळांकडे पिढ्यान्‌पिढ्या परतत आली आहेत, त्यांपैकी बहिरम, चिखलदरा आणि शेगाव या तीन स्थळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शेगाव आज बुलढाणा जिल्ह्यात मोडते. परंतु ते ऐतिहासिक वऱ्हाडातलेच असून अकोल्यापासून लोहमार्गाने केवळ सुमारे ४० किलोमीटरांवर आहे.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. यात्रा एकदा केली तरी ती यात्राच असते. काशीयात्रा तर बहुधा आयुष्यात एकदाच घडे. वारी मात्र एकदा करून होत नाही. त्या शब्दातच पुनःपुन्हा घडणाऱ्या फेरीचा अर्थ आहे. पंढरपूरला एकदा जाऊन आलेला गृहस्थ वारकरी ठरत नाही. नेमाने जातो तो वारकरी. वर्षाची वारी, महिन्याची वारी असे शब्दप्रयोग करून आपल्या लोकांनी पुनरागमनाची वारंवारता भाषेतच नोंदवून ठेवली आहे. तेव्हा ‘किती वेळा’ हा प्रश्न बाहेरून आणून आपल्या समाजावर लादलेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

प्रथम बहिरमचा विचार करू. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या मार्गावर बहिरमबुवाचे देवस्थान आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी येथील यात्रा जानेवारीअखेरपर्यंत चालते. विदर्भातील दीर्घकाळ चालणाऱ्या यात्रांत तिची गणना होते. पूर्वी सुखवस्तू कुटुंबे बंडीत तट्टे, भांडी, धान्य व अंथरूण-पांघरूण घालून येत, राहुट्या ठोकीत आणि मुक्कामाला राहत. मातीच्या हंडीत शिजणारे मटण, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी ही येथली ख्याती. देवाला शेंदूर-लोणी वाहून झाले, नवस फेडून झाला, की उरलेला वेळ पाळणे, तमाशा, दुकाने आणि सोयरेधायरे यांचा. आजच्या मनोरंजन-उद्यानात जे जे एकत्र सापडते ते बहुतेक येथे होतेच. त्याला भिंत नव्हती आणि तिकीट नव्हते, एवढेच.

या यात्रेला कुटुंबे वर्षातून एकदाच येत, आणि तीही ठराविक दिवसांतच. याचे कारण केवळ श्रद्धेत शोधणे पुरेसे नाही. डिसेंबरअखेर कापसाच्या पहिल्या वेचण्या आटोपलेल्या असतात आणि बाजारात गेलेल्या मालाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती आलेला असतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला आलेली तेजी आणि १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग, यांमुळे या प्रांताची शेती रोख पैशाशी घट्ट बांधली गेली. रोख पैसा वर्षातून एकदा येई. मग सहलही वर्षातून एकदाच. ज्या वर्षी पीक बुडे त्या वर्षी राहुटी ठोकणे परवडत नसे. अर्थात येथे पुनरागमनाची वारंवारता आवडीने ठरत नव्हती, ती शेतीच्या पंचांगाने ठरत होती. आवड होती म्हणून कुटुंब येई हे खरे. पण केव्हा यावे आणि किती दिवस राहावे, हे पिकाच्या हाती होते.

चिखलदऱ्याचा इतिहास निराळ्या वाटेने जातो. जवळचा गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली याने मराठ्यांकडून जिंकला. पुढे १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या दृष्टीस हे पठार पडले, असे सांगितले जाते. ‘शोध लागला’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. कारण कोरकू आणि गवळी यांना हे पठार ठाऊक होतेच. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर प्रांतातील अधिकाऱ्यांचे ते उन्हाळी ठिकाण बनले. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढत असता, सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या पठारावर जाणे ही अधिकाऱ्यांच्या दृष्टीने चैन नव्हती, तो कारभाराचाच भाग होता. येथे रुजविलेले कॉफीचे मळे त्या काळाची साक्ष देतात.

वऱ्हाडी मध्यमवर्गीय कुटुंब मात्र त्या काळी उन्हाळ्यात डोंगरावर जात नव्हते, ते आजोळी जात होते. ‘मामाचा गाव’ हेच त्याचे उन्हाळी ठिकाण, आणि त्याचे पुनरागमन वार्षिक. स्थळाची निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. सरकारी नोकरीने या प्रथेला एक नवे वळण दिले. केंद्र सरकारच्या रजा-प्रवास सवलतीच्या नियमांत दोन वर्षांतून एकदा स्वग्रामी जाण्याची आणि चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कोठेही जाण्याची तरतूद आहे. पुनरागमन आणि पर्यटन यांतील भेद येथे शासनाने आकड्यांत मांडला आहे : घरी अधिक वेळा, परक्या ठिकाणी कमी वेळा. कोणत्याही समाजशास्त्रीय पाहणीपेक्षा हा नियम अधिक बोलका आहे.

१९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले, रस्ते सुधारले, आणि पुढे खाजगी वाहने आली. तेव्हा चिखलदऱ्याचा क्रम पालटला. उन्हाळ्याबरोबरच पावसाळा हाही तेथला हंगाम झाला. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट यांवरचे धुके पाहण्यास अमरावती-अकोल्याची कुटुंबे सकाळी निघून सायंकाळी परतू लागली. मुक्काम आखडला आणि फेऱ्या वाढल्या. या अभ्यासातून हाती येणारा पहिला निष्कर्ष हाच : प्रवास जसा सुलभ होतो, तशी पुनरागमनाची संख्या वाढते, पण प्रत्येक पुनरागमनाची लांबी घटते. बंडीतून आलेले कुटुंब एकदा येऊन अनेक दिवस राहिले. मोटारीतून आलेले अनेकदा येऊन काही तास राहिले. दोहोंतील कोणते त्या स्थळाच्या अधिक जवळचे, याचा निर्णय केवळ फेऱ्या मोजून लागणार नाही.

शेगाव या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज येथे प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन आणि ऋषिपंचमीची पुण्यतिथी हे दोन मोठे उत्सव. त्यांखेरीज प्रत्येक गुरुवार. म्हणजे शेगावच्या पंचांगात वार्षिक, मासिक व साप्ताहिक अशा सर्व प्रकारच्या वाऱ्यांना जागा आहे. मुंबई–नागपूर या मुख्य मार्गावरील स्थानकामुळे ही सोय आणखी वाढली. वऱ्हाडातील घरांत ‘आमची शेगावची वारी’ असे सहज म्हटले जाते, आणि ती किती दिवसांची हे घरोघरी वेगळे असते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाने येथे आनंदसागर उभे केले. दोनशे एकरांहून अधिक विस्तार, मोठा तलाव, त्यातील बेटावर विवेकानंद ध्यानकेंद्र, बागा, मत्स्यालय आणि मुलांची छोटी आगगाडी. वऱ्हाडच्या एका संपूर्ण पिढीची पहिली ‘सहल’ हीच होय. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. पुढील दशकांत त्याच्या चालकांनी वर्षभराचे परवाने विकून कुटुंबांनी पुनःपुन्हा यावे अशी व्यवस्था केली. तेथे पुनरागमन हा व्यवसायाचा हिशेब होता. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेले मनोरंजन-उद्यान त्याच वळणाचे. अकोल्याच्या कुटुंबाला ते शेकडो किलोमीटर दूर, आणि म्हणून बहुधा एकदाच पाहावयाचे. आनंदसागराला असा परवाना विकण्याची गरज पडली नाही. कुटुंब समाधीच्या दर्शनाला येणारच होते. बाग त्या वारीला जोडली गेली.

या विधानाची कसोटी पुढे आपोआपच लागली. आनंदसागर काही वर्षे बंद राहिले. तेथे बाळपणी आगगाडीत बसलेल्या तरुण आईबापांना आपल्या मुलांना ती दाखविता आली नाही, आणि ही हळहळ वऱ्हाडात अजून ऐकू येते. परंतु शेगावची वारी थांबली नाही. ती थांबली ती २०२० च्या मार्चमध्ये, साथीमुळे राज्यातील प्रार्थनास्थळेच बंद झाली तेव्हा. मंदिरे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात उघडली, पुन्हा मिटली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फिरून उघडली. त्या काळात लोकांच्या तोंडी आलेला शब्द ‘सहल हुकली’ असा नव्हता, ‘वारी चुकली’ असा होता. हुकलेल्या सहलीची खंत वाटते. चुकलेल्या वारीत आपणच काही करावयाचे राहिलो अशी भावना असते. केवळ आवडीवर उभे असलेले पुनरागमन आवडीची वस्तू नाहीशी होताच संपते. नेमावर उभे असलेले टिकते. हा दुसरा निष्कर्ष.

शेगावी या नेमाची आणखी एक पायरी दिसते. पाहुणा म्हणून अनेकदा आलेला माणूस पुढे सेवाधारी म्हणून येतो. आपली पाळी आली की रजा काढून भोजनगृहात वाढतो, झाडलोट करतो, पादत्राणे सांभाळतो. याच प्रदेशात जन्मलेले गाडगे महाराज यात्रांच्या गावी खराटा घेऊन जात. ज्या जागी पुनःपुन्हा यावयाचे ती जागा आपणच राखली पाहिजे, हा धडा त्यात आहे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक होईल. चिखलदरा हे आपल्याला परतून जाण्याचे ठिकाण आहे. कोरकूंचे ते घर आहे. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला आणि या शतकाच्या आरंभापासून बोरी, कोहा, कुंड आदी गावे उठवून अकोटच्या परिसरात वसविण्यात आली. पुढे पुनर्वसित कुटुंबांपैकी काहींनी जुन्या गावी परत जाण्याचा आग्रह धरला आणि २०१९ च्या जानेवारीत त्यातून संघर्ष घडला. एकाच डोंगरावर एकाचे पुनरागमन ही सुट्टीतील हौस ठरते आणि दुसऱ्याचे पुनरागमन हा नियमभंग ठरतो. पुनरागमनाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन्ही टोके एका पानावर मांडली पाहिजेत.

सारांश, वऱ्हाडातील कुटुंब आवडत्या स्थळी किती वेळा परतते, हे तीन गोष्टींनी ठरत आले आहे : हाती पैसा येण्याचा काळ, वाटेची सुलभता, आणि मनातील नेम. पहिल्या दोहोंनी फेऱ्यांची संख्या बदलली. तिसऱ्याने त्यांना सातत्य दिले. या विषयाची साधने दप्तरखान्यापेक्षा घराघरांत अधिक आहेत : देवघरातील नवसाच्या नोंदी, जुन्या जमाखर्चाच्या वह्या, राहुटीसमोर काढलेली छायाचित्रे, आणि आजीच्या आठवणी. बंडीतून बहिरमला गेलेली पिढी आता थोडीच उरली आहे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरापासून प्रारंभ करावा, आणि ‘कोठे गेला होतात’ एवढेच न विचारता ‘किती वेळा गेलात, आणि जाणे केव्हा थांबले’ हेही विचारावे. पुष्कळदा त्या दुसऱ्या उत्तरातच त्या घराचा इतिहास सापडेल.