सत्यमचा २४ टक्के नफा

तिमाही निकाल आले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आकडे फिरायला लागतात. नफा इतका वाढला, मार्जिन तितकं, आता शेअर उचलणार! असं काही वाचलं की मला ७ जानेवारी २००९ आठवतो.

त्या दिवशी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र बाहेर आलं. ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड मुळात नाहीच, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत दाखवलेला कामकाजाचा नफा ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. मार्जिन २४ टक्के सांगितलं, होतं ३ टक्के. आदल्या दिवशी १७९ च्या आसपास असलेला शेअर बाजार बंद होताना ४० रुपयांवर आला.

लोक याला नुसती चोरी म्हणतात. मला त्यामागचं गणित जास्त महत्त्वाचं वाटतं. बाजार शेअरला भाव देतो तो प्रतिशेअर नफ्याच्या पटीत. समजा, शेअरमागे १० रुपये नफा आहे आणि बाजार १५ पट द्यायला तयार आहे, तर भाव १५०. म्हणजे कागदावर एक रुपया नफा वाढवला की भावात पंधरा रुपये वाढतात. दर तिमाहीला वाढ दिसली की पटही वाढते. पण मागच्या वर्षी फुगवलेल्या आकड्यावर यंदा पुन्हा वाढ दाखवायची, तर आणखी फुगवावं लागतं. आणि खोटा नफा ताळेबंदात कुठेतरी बसवावा लागतोच. इथे तो बँकेतली शिल्लक म्हणून बसला. वर ३७६ कोटींचं व्याज, तेही कागदावरच!

मग थांबले का नाहीत? पत्रात उत्तर आहे. प्रवर्तकांकडे थोडेच शेअर होते. कामगिरी खराब दिसली तर कुणीतरी कंपनी ताब्यात घेईल आणि वह्या उघड्या पडतील, ही भीती. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये घरच्याच मेटास कंपन्या विकत घेऊन खोट्या मालमत्तेच्या जागी खरी बसवायचा प्रयत्न झाला (इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचून बघा). गुंतवणूकदार भडकले आणि तो बेत काही तासांत गुंडाळावा लागला.

एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये भावाची बोली लावून सत्यम मिळवली. तेव्हा दुरुस्त केलेले हिशेब तयारच नव्हते, ते सप्टेंबर २०१० मध्ये आले. त्या ५८ रुपयांमागे धड एकही नफ्याचा आकडा नव्हता. होते ते ग्राहक, कंत्राटं आणि रोज कामावर येणारे हजारो इंजिनिअर.