कृतियुक्त शिक्षण
कृतियुक्त शिक्षण म्हणजे प्रत्यक्ष काम करत, मोजत आणि पडताळत विषय समजून घेण्याची अध्ययनपद्धती. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या 'नई तालीम'मध्ये हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता. धाराशिव जिल्ह्यातील हराळी (ता. लोहारा) येथे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीने निवासी शाळा सुरू केली, तेथे अभ्यासाला शेतीकामाची जोड आहे. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पर्जन्यमापकावरील नोंदी ठेवणे किंवा शेत मोजणे यांतून सरासरी, दशांश व क्षेत्रफळ मुलांच्या परिचयाचे होतात. मात्र एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असल्यास अशा पाठांना वेळ पुरत नाही. मूल्यमापनाची अडचण त्याहून मोठी आहे: लेखी परीक्षेत सूत्र विचारले जाते, प्रत्यक्ष मोजणी येते का हे सहसा पाहिले जात नाही.