देवणीचा मुलुख, विलायतेतली वासरे आणि औषधाला न जुमानणारे जंतू

बीदर म्हटले की आपल्याला आठवतो तो बहामनींचा किल्ला, महमूद गवानचा मदरसा, फार तर बिदरी नक्षीचे तबक. मला बीदर आठवते ते देवणी गुरांमुळे. शहराला चिकटलेल्या मैलूरपासून पलीकडे लातूर जिल्ह्यातल्या उदगीर-देवणीपर्यंतचा हा सगळा एकच गुरांचा मुलुख. 1956 साली राज्य पुनर्रचनेने त्यातून रेघ ओढली, पण गुरांनी काही ती मानली नाही. जाणकार देवणीत तीन प्रकार सांगतात: सगळा पांढरा तो बालंक्या, अंगाने पांढरा पण तोंडाच्या बाजूंनी काळा तो वाणेरा, आणि काळ्या ठिपक्यांचा शेवरा. कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठही बीदरलाच आहे.

अशा मुलुखात बसून विलायतेतल्या वासरांची गोष्ट सांगायची म्हणजे थोडे विचित्रच. पण ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

1945 च्या डिसेंबरात नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बजावले होते, की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत दिले तर जंतू मरणार नाहीत, उलट शहाणे होतील. 1948 मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीने मातीतल्या बुरशीसारख्या जीवापासून ऑरिओमायसिन काढले. या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव, आणि त्याच वर्षी ते वारले. औषध काढून उरलेला चोथा कोंबड्यांना घातला तर त्या झपाट्याने वाढतात, असे तिथल्याच ज्यूक्स आणि स्टॉकस्टाड यांना आढळले. झाले! आजाऱ्याचे औषध निरोगी जनावराच्या दाणावैरणीत गेले, तेही रोज, चिमूटचिमूट. फ्लेमिंग यांनी नको म्हटले होते नेमके तसेच.

पुढे 1960 नंतरच्या इंग्लंडात काय घडले ते पाहा. व्यापारी गावोगावची चार-आठ दिवसांची वासरे गोळा करीत, एकत्र कोंडत आणि दूरच्या गोठ्यांना विकत. उपाशी, थंडीने कुडकुडणारी, एकमेकांच्या शेणात उभी असलेली वासरे हगवणीने मरू लागली की औषधांचा मारा होई. त्यातून साल्मोनेला जंतूची एक जात अशी माजली, की एकाच वेळी अनेक औषधे तिच्यापुढे निकामी ठरली. लंडनच्या प्रयोगशाळेत ई. एस. अँडरसन यांनी तिचा माग काढला. माणसेही आजारी पडली, काही दगावली. भयंकर भाग पुढेच आहे. ही प्रतिकारशक्ती एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो, उसनी साखर द्यावी तशी. जपानी संशोधकांनी ते 1959 मध्येच दाखवले होते.

1969 साली स्वान समितीने सांगितले, की माणसांच्या उपचाराची औषधे वाढीसाठी खाद्यात घालू नका. इंग्लंडने ते मानले, पण पळवाट ठेवून! पशुवैद्याची चिठ्ठी असली की तेच औषध खाद्यात चाले. सरकारे सगळीकडे सारखीच, नाही का?

देवणी पाळणारा शेतकरी काही औषध चारत नाही. त्याच्या गोठ्यात ते येते सुईतून, बहुधा कास सुजल्यावर. दोन इंजेक्शनांत गाय वैरणीला तोंड लावू लागली की तिसऱ्याचे पैसे कोण मोडणार? आणि औषध अंगात असेतो दूध ओतून द्यायचे, हे ज्याचा संसारच त्या दुधावर चालतो त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? मला तरी त्याला दोष देववत नाही.

आता आमच्या गोव्याकडे वळू. गोमांस, आणि दुधाचा मोठा भाग, आपल्याकडे शेजारच्या राज्यांतून येतो. कर्नाटकाचा गोहत्याबंदीचा नवा कायदा जानेवारी 2021 मध्ये अंमलात येताच गोव्यात मांसाची टंचाई झाली, तेव्हा हे अवलंबित्व सगळ्यांना दिसले. उसगावचा मांस प्रकल्प असो की कुठलाही कत्तलखाना, धोक्याची जागा ठरलेली आहे. जंतू असतात आतड्यात आणि शेणाने माखलेल्या कातड्यावर; स्नायूंच्या आत नव्हेत. कातडे सोलताना, आतडे काढताना हात घसरला की ते मांसावर येतात, आणि खिमा केला की वरचे आतही जातात. शिजवल्यावर ते मरतात, खरे. पण त्याच सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरला तर? शाकाहाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये, शेणखत भाजीच्या मळ्यातच जाते.

2015 च्या नोव्हेंबरात चीनमधून बातमी आली, की कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधालाही दाद न देणारे जनुक तिथल्या डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडले आहे. जंतूंमध्ये उसने फिरणारे. आपल्या सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली ती जुलै 2019 मध्ये. स्वान समितीच्या अहवालाला तेव्हा पन्नास वर्षे होत होती.